पलीकडची टिचकी

भिंगोबाला बढती मिळाली आणि त्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हतं. भूक लागत होती, जेवण जात होतं, झोपही येत होती. फक्त आडभिंतीपलीकडे कोणी हसलं की बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला, काहीतरी टोचायचं.

भिंगोबा एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. छापखाना मोठा नव्हता, पण इंग्रजी कामात त्याचं नाव होतं. कंपन्यांचे वार्षिक अहवाल, पाण्याचे पंप कसे बसवावेत याची पत्रकं, शाळांच्या पुस्तिका, सगळं तिथे यायचं. गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग कायम लोंबत असायचं, त्यावरून त्याचं हे नाव पडलं. नवी मंडळी त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे भिंगोबा. तोंडावर भिंगोबा म्हणणारी एकच, वाचनबाई.

वाचनबाईचं काम वाचायचं. प्रूफ तपासायची तिथली रीत जुनी होती. टेबलाच्या एका बाजूला बसून एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, समोरच्याने लाल पेन घेऊन छापलेल्या प्रुफावरून मागोमाग जायचं. कानाचं आणि डोळ्याचं जिथे भांडण होईल तिथे पेन टेकवायचं. तेवीस वर्षं ती वाचत होती आणि तो ऐकत होता. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या घरचं फारसं काही विचारलं नव्हतं. विचारायला सवड कुठली, पंप बसवायचे होते.

आता इंग्रजीला एक खोड आहे. तिथे काही शब्द जावाजावांसारखे असतात. एका घरात राहतात, लांबून सारख्याच दिसतात, एकीला हाक मारली की दोघी ओ देतात, आणि एकीचं काम चुकून दुसरीला सांगितलं की घराला आग लागते. ‘स्टेशनरी’ म्हटलं की जागचं न हलणारं तेही आलं आणि कागद-पाकिटंही आली. फरक शेवटाकडच्या एका अक्षराचा. ‘प्रिन्सिपल’ म्हटलं की शाळेचा मुख्यही उठून उभा राहतो आणि तत्त्वही उठून उभं राहतं, मग त्या दोघांची एकमेकांशी ओळख असो वा नसो. हा फरक डोळ्याला दिसतो, कानाला ऐकू येत नाही. वाचनबाईने नुसतं ‘प्रिन्सिपल’ वाचलं तर समोरच्याने कोणाला खुर्ची द्यायची?

त्यासाठी टिचकी होती. शब्दकोशात जो आधी येतो त्याला टेबलावर एक टिचकी, जो मागून येतो त्याला दोन. ‘साइट’सारखं तिळं निघालं तर तीन. शब्द तोंडातून निघायचा आणि नखाचा टक्‌ असा आवाज त्याच्या शेपटीला बांधल्यासारखा यायचा. एका अहवालात ‘कॉम्प्लिमेंट’ सतरा वेळा आला होता, कधी पूरक म्हणून, कधी स्तुती म्हणून. सतराही वेळा टिचकी नेमकी पडली. त्या दिवशी डबा उघडता उघडता भिंगोबा म्हणाला, “बाई, आज छान वाचलंत.”

“ही स्तुती का?” वाचनबाईने विचारलं.

“दोन टिचक्यांची.”

तेवीस वर्षांतला त्यांचा सगळ्यात खाजगी संवाद तो हाच. भिंगोबाने तो जपून ठेवला होता.

मग मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“तुम्हाला अंतिम वाचक करतोय,” मालक म्हणाले. “आता कोणाच्या समोर बसून ऐकत राहायला नको. इतरांनी तपासलेली प्रुफं तुम्ही शेवटची बघायची. एकटे, निवांत. आडभिंतीपलीकडे ती जागा आहे ना, तिथे. खुर्चीला हात आहेत.”

“आणि बाई?”

“बाई आहेत तिथेच. त्यांच्यासमोर नवा माणूस बसेल. इंग्रजीत डबल एमए आहे. तीन महिने बघू. नाही जमलं त्याला, तर तुमचं टेबल आहेच की तुम्हाला.”

बढतीविरुद्ध तक्रार कशी करतात हे भिंगोबाला माहीत नव्हतं. असा अर्जाचा नमुना छापखान्याने कधी छापला नव्हता. तो ‘बरं’ म्हणाला आणि आपलं लाल पेन, पाण्याची बाटली नि पायाखालचा लाकडी ठोकळा उचलून प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडे गेला. खुर्चीला खरंच हात होते. त्या हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. त्याचे स्वतःचे दोन होते, तेच रिकामे होते.

नव्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून सगळे ‘डबल’ म्हणू लागले. तिशीचा, हसतमुख, बाह्या दुमडलेला. त्याने पहिल्याच सकाळी वाचनबाईला ‘ताई’ म्हटलं, आणि ती ‘काय रे’ म्हणाली. भिंगोबा तेवीस वर्षं ‘बाई’वरच अडला होता. नात्याने हाक मारता येते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता ताई म्हणावं तर ती त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

पोटातली पहिली टोच ही. दुसरी पाठोपाठ आली, कारण त्याच आठवड्यात छापखान्यात एक पुस्तिका आली. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी, सारख्या दिसणाऱ्या आणि भलताच अर्थ असणाऱ्या शब्दांची. चारशे बारा जोड्या, प्रत्येकीला दोन-दोन उदाहरणं. म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसत्या टिचक्या. एखाद्या गवयाला जन्मभर जाहिरातींची गाणी म्हणायला लावावीत, मग एक दिवस मैफल ठेवावी आणि ती शेजाऱ्याला द्यावी, तसं झालं. वाचनबाई वाचणार, डबल तपासणार, आणि भिंगोबाने मैफल संपल्यावर सतरंज्या उचलायच्या.

त्याने घरून बुटांचा एक जुना खोका आणला. त्यात त्याने वर्षानुवर्षं जमवलेल्या अशाच जोड्यांच्या चिठ्ठ्या होत्या, तीनशे सत्तर. खोका त्याने डबलपुढे ठेवला. मदत करायची होती असं तो म्हणाला. खरं म्हणजे आपण कोण ते त्याला एकदा कळू दे, असं होतं.

डबलने दोन-चार चिठ्ठ्या आदराने वाचल्या. “सर, केवढी मेहनत,” तो म्हणाला. “आता हे सगळं फोनमध्येच मिळतं.”

भिंगोबाने खोका परत नेला. वाचनबाईने आधी खोक्याकडे आणि मग आडभिंतीकडे बघितलं होतं, हे त्याच्या ध्यानात राहिलं.

आणि मग पलीकडून टिचक्या यायला लागल्या.

टक्‌. टक्‌ टक्‌. तेच नख, तेच टेबल, तोच वेग. भिंगोबा इकडे पंपाचं एक पत्रक घेऊन बसला होता; पण त्याचा कान प्लायवूडला चिकटला होता. ‘डिस्क्रीट’, एक. ‘काउन्सेल’, दोन. एखाद्याने आपलं खाजगी पत्र चौकात मोठ्याने वाचावं तसं त्याला वाटलं. ही टिचकी त्यांची होती, त्याची आणि बाईंची. कोणत्या दुपारी ती दोघांना सुचली तेही त्याला आठवत होतं: पंखा बंद होता, अहवाल एका साबणाच्या कंपनीचा होता. ती उचलून तिने चार दिवसांच्या पाहुण्याला देऊन टाकली. मागितलीसुद्धा नसेल त्याने.

संध्याकाळी तो जेवायला बसला. बायकोने आमटी वाढली, पोळी वाढली, वाट बघितली. मग भिंगोबाने नकळत ताटाशेजारी टिचकी मारली.

“मीठ हवं असेल तर तोंडाने मागा,” बायको म्हणाली.

“मीठ नको.”

“मग कोणाला बोलावताय?”

त्याने सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकलं. बायको तशी समंजस होती, म्हणजे टोमणा मारायच्या आधी घास गिळायची.

“म्हणजे ती बाई दुसऱ्या पुरुषाला टिचक्या मारते म्हणून तुमचा जळफळाट,” ती म्हणाली. “अहो, हे दुखणं मला व्हायला हवं होतं. तेवीस वर्षं मी वाट बघत होते, कधी होतं म्हणून. तुम्हीच करून घेतलंत, माझं काम वाचलं.”

“चेष्टा नको. कामाचा प्रश्न आहे.”

“कामाचा कसा? काम तर तुम्हाला वरचं मिळालंय.”

“वरचं आहे, पण पलीकडचं आहे.”

“इथे मी स्वयंपाकघरातून तीन-तीन हाका मारते, त्या तुम्हाला ऐकू येत नाहीत,” बायको म्हणाली, “आणि लाकडापलीकडचं नख ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरला विचारायला हवं, हा कोणता रोग.” मग तिला जरा दया आली असावी. “तीन महिने ना? नाही जमलं त्या पोराला तर आहेच तुमचं टेबल.”

ती सांत्वन म्हणून बोलली. भिंगोबाच्या मनात ते बी म्हणून पडलं.

इथे छापखान्यातल्या फळ्याबद्दल सांगायला हवं. मालकांच्या केबिनबाहेर एक काळा फळा होता. अंतिम वाचकाला ज्या चुका सापडत, त्या ज्याच्या नजरेतून सुटल्या त्याच्या नावापुढे त्यांचा आकडा खडूने लिहिला जाई. वर्षाअखेरी फळा पुसत. भिंगोबाच्या नावापुढे कित्येक वर्षं गोल शून्य होतं, इतकं जुनं की ते पुसून पुन्हा काढायचा शिपायालाही कंटाळा येई. फक्त एकदा तिथे आकडा लागला होता. तो कामाला लागला त्या पहिल्याच महिन्यात, सात. तेव्हाचे अंतिम वाचक म्हणजे थोरले. सगळे त्यांना थोरलेच म्हणत. त्यांनी एका अहवालात भिंगोबाच्या हातून गेलेल्या सात चुका पकडल्या, सातही याच जावाजावांच्या, आणि सुंदर अक्षरात फळ्यावर ७ काढला. भिंगोबा त्या संध्याकाळी रडला नाही, बाजारात गेला आणि भिंग विकत घेतलं. पुढे थोरल्यांच्या निरोपसमारंभात त्याने भाषण केलं. “या देवमाणसाने माझ्या त्या सात चुका पकडल्या नसत्या,” तो म्हणाला, “तर मी माणूस झालो नसतो.” टाळ्या झाल्या. थोरले खाली बुटांकडे बघत राहिले. विनय, असं सगळे म्हणाले.

तर बुधवारी दुपारी, जेवणानंतरच्या जड वेळेला, पलीकडे वाचनबाईने ‘स्टेशनरी’ वाचलं आणि एक टिचकी मारली. आणि भिंगोबाचं बोट उठलं. त्याने उठवलं असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल. पण उठल्यावर त्याने त्याला अडवलं नाही हे खरं. आडभिंतीच्या लाकडावर एक टिचकी पडली. पलीकडच्या एकात अलीकडची एक. दोन.

पलीकडे अर्धा श्वास शांतता झाली. मग वाचन पुढे सुरू झालं.

भिंगोबाने बोट मांडीवर ठेवलं. पोट दुखायचं थांबलं होतं. ही गोष्ट त्याने नोंदवून ठेवली, औषध सापडल्यासारखी. दहा मिनिटांनी त्याने ‘प्रिन्सिपल’ला एक भर घातली. मग ‘कॉम्प्लिमेंट’ला. जिथे एक असेल तिथे तो दोन करायचा. जिथे दोन असतील तिथे गप्प बसायचा, कारण दोनातली एक काढून घ्यायची विद्या त्याला येत नव्हती. संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. बाराव्या वेळी बोट उचललं आणि नेमकी शिंक आली.

घरी तो भरपूर जेवला. बायकोने दोनदा त्याच्याकडे बघितलं, पण विचारलं नाही.

सकाळी पुस्तिकेची तपासलेली प्रुफं त्याच्या टेबलावर आली. भिंगोबाने हात पुसले, खुर्ची पुढे ओढली, भिंग डोळ्याला लावलं. फळ्यावरचा आकडा त्याला आताच दिसत होता. दोन एक शेजारी शेजारी, बारीक नि सरळ, डबलच्या नावापुढे. मालक म्हणतील, ‘डबल एमए आणि हे?’ तो म्हणेल, ‘शिकेल हळूहळू.’ हे वाक्य त्याने सकाळी दात घासताना दोनदा म्हणून बघितलं होतं. दुसऱ्या वेळचं जास्त उदार वाटलं होतं.

पहिल्या ‘स्टेशनरी’पाशी तो आला. शब्द बरोबर होता. डबलने त्याला हात लावला नव्हता.

भिंगोबाने पुढची जागा शोधली. ‘प्रिन्सिपल’ बरोबर. ‘कॉम्प्लिमेंट’ बरोबर. त्याने अकराही जागा बघितल्या, मग भिंगातून पुन्हा बघितल्या. एकही चूक नव्हती. फक्त त्या अकरा ओळींसमोर समासात पेन्सिलीचा एक-एक ठिपका होता. इतका बारीक की भिंग नसतं तर दिसलाच नसता. बाकी अख्ख्या पुस्तिकेत कुठेही ठिपका नव्हता.

तो ठिपक्यांकडे बघत बसला होता, तेवढ्यात वाचनबाई दोन कप चहा घेऊन आडभिंतीच्या या बाजूला आली. या बाजूला ती कधी येत नसे. तिने एक कप त्याच्यापुढे ठेवला आणि खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभी राहिली.

“अकराच ना?” ती म्हणाली.

“काय अकरा?”

“मीही मोजल्या. बारावी ‘काउन्सिल’ला मारणार होतात. मग शिंक आली तुम्हाला.”

भिंगोबाने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली, पण बोलायचं टळलं.

“त्याला कळलं?” शेवटी त्याने विचारलं.

“त्याला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पलीकडून टिचकी आली तर मोजायची नाही, समासात ठिपका द्यायचा नि पुढे जायचं. लाकूड तापलं की वाजतं, म्हटलं.”

“आणि त्याला पटलं?”

“डबल एमए आहे. लाकडाबद्दल त्यांना शिकवत नाहीत.”

भिंगोबाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. “पहिल्याच दिवशी?” तो म्हणाला. “बाई, पहिल्या दिवशी मी काही केलं नव्हतं. माझ्या मनातसुद्धा नव्हतं.”

“तुमच्या नसेल,” वाचनबाई म्हणाली. “खुर्ची तीच आहे.”

त्याला कळायला वेळ लागला. तिनेही घाई केली नाही. अवघड शब्दाआधी ती नेहमी असाच एक श्वास थांबायची.

“सात,” ती म्हणाली.

भिंगोबाने कप खाली ठेवला.

“तुम्ही आलात तेव्हा थोरल्यांना बढती मिळाली होती,” ती म्हणाली. “ते इथे बसायचे, तुम्ही आता बसलाय तिथे. त्या अहवालाच्या दिवशी मला मध्ये मध्ये वाटायचं, मी एकच मारली, मग दोन कशा ऐकू आल्या? मला इथे येऊन दोनच वर्षं झाली होती. वाटलं, आपलंच बोट चुकतंय. तुम्ही मुकाट्याने दोन धरत गेलात. त्यांनी सात वेळा मारली, आणि सातही स्वतःच पकडल्या.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. निरोपाच्या दिवशी. तुम्ही भाषण करून नुकतेच खाली बसला होता. मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वर म्हणाले, त्याला सांगू नकोस, बिचाऱ्याने भिंग घेतलंय.”

भिंगोबाचा हात गळ्यातल्या भिंगाकडे गेला. तेवीस वर्षं ते तिथे लोंबत होतं. त्यावरून त्याला नाव मिळालं, मान मिळाला, मानेचं दुखणं मिळालं. आणि ते सगळं एका म्हाताऱ्याच्या पोटदुखीतून निघालं होतं. त्याच पोटदुखीला तो माइकवरून देवमाणूस म्हणाला होता.

पण खरं सांगायचं तर त्याला लागलं ते हे नव्हे. त्याला लागलं ते दुसरंच.

“थोरल्यांना टिचकी कशी माहीत?” त्याने विचारलं.

वाचनबाईने त्याच्याकडे बघितलं. “म्हणजे काय? त्यांनीच तर शिकवली मला. मी आले त्या दिवशी. त्यांनाही कोणीतरी शिकवली असेल.”

“साबणाच्या कंपनीच्या अहवालाला आपण...”

“तो अहवाल तुमच्या आधीचा. तुम्ही त्याची प्रत बघितली असेल कपाटात.”

ती दुपार, तो बंद पंखा, सगळं त्याने कुठून आणलं होतं कोणास ठाऊक.

“दोन वर्षं तुम्ही त्यांना वाचत होता?” थोड्या वेळाने तो म्हणाला.

“हो.”

“रोज?”

“सुट्टीचे दिवस सोडून.”

“काय वाचायचात?”

“पंपच,” वाचनबाई म्हणाली. “तेव्हाही पंपच होते.”

त्याने जरा सुटल्यासारखा श्वास घेतला, आणि तो श्वास तिने ऐकला. मग तिचा आवाज थोडा कडक झाला, मथळे वाचायची तसा.

“हे बघा भिंगोबा. मालकांना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण त्या मुलाला मी नापास होऊ देणार नाही. त्या सातांनंतर तुम्हालाही होऊ दिलं नव्हतं. वर्षभर तुमच्यासाठी हळू वाचत होते, ते तुमच्या ध्यानात आलं नसेल.”

“मला वाटलं, तुम्ही वाचताच हळू.”

“मी भरभर वाचते,” वाचनबाई म्हणाली. तिने रिकामे कप उचलले. “टेबल त्याचं राहील. ही खुर्ची तुमची. पुढे कधी त्याला बढती मिळेल, आणि समोर कोणी नवं येईल, तेव्हा त्या नव्याला सांगायला मी नसेन. म्हणून हे इथेच संपवायचं की पुढे द्यायचं, ते तुम्ही बघा.”

ती गेली. थोड्या वेळाने पलीकडे वाचन सुरू झालं.

भिंगोबाने पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून घेतली. या खेपेला त्याने ती अंतिम वाचकासारखी वाचली, म्हणजे कोणावर डोळा न ठेवता. दुपारी शेवटचं पान आलं, शिकणाऱ्यांना चार शब्दांचा उपदेश असलेलं. तिथे सराव ‘क्वाएट’ जागी बसून करा, असं हवं होतं. छापताना दोन अक्षरांनी जागा बदलली होती आणि ‘क्वाइट’ झालं होतं. शांत जागा गेली, बऱ्यापैकी जागा आली. बाईने बरोबरच वाचलं असणार; डबलचा डोळा शेवटच्या पानावर घरी पोचला असणार. इथे टिचकीचा संबंध नव्हता. ही चूक निर्मळ होती, कोणाचीही मदत न घेता झालेली.

भिंगोबाने भिंगातून तिच्याकडे बराच वेळ बघितलं. आयुष्यात इतक्या प्रेमाने त्याने एखादी चूक बघितली नव्हती. मग लाल पेनाने ती दुरुस्त केली, अकरा ठिपके रबराने एकेक करून पुसले, आणि उठून फळ्याकडे गेला.

डबलच्या नावापुढे त्याने १ काढला. चूक ती चूकच. ती सोडून द्यायला तो काही देवमाणूस नव्हता.

मग त्याने फडकं घेतलं. स्वतःच्या नावापुढचं शून्य पुसायला तीनदा घासावं लागलं. तिथे त्याने ११ लिहिले. अक्षर थोरल्यांसारखं सुंदर आलं नाही.

मालक केबिनमधून बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवून फळ्यापुढे उभे राहिले. “काका, हे काय? तुम्ही अंतिम वाचक. तुमच्या चुका पकडणार कोण?”

“पकडल्या.”

“कुठून सुटल्या?”

“सुटल्या असत्या तर लिहाव्या लागल्या नसत्या,” भिंगोबा म्हणाला.

मालकांनी यावर विचार केला, काही हाती लागेना म्हणून मान डोलावली आणि आत गेले. अंतिम वाचकाची उत्तरं अशीच असायची हे त्यांना थोरल्यांच्या वेळेपासून माहीत होतं.

डबलही आला. “सर, तो एक माझा?”

“तुमचाच.”

“दाखवता?”

भिंगोबाने त्याला शेवटचं पान दाखवलं. भिंगही दिलं, पण गळ्यातून न काढता, त्यामुळे डबलला त्याच्या छातीशी वाकून बघावं लागलं. डबलने बघितलं, कान लाल झाले. “शेवटचं पान होतं,” तो म्हणाला.

“शेवटच्या पानावर चूक घर करून असते. ताईंना विचारा.” तो शब्द उच्चारताना भिंगोबाला पोटात बारीकशी टोच आली. डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी.

दुसऱ्या दिवशी एक मोठा अहवाल आला, कुठल्याशा शिक्षणसंस्थेचा. पलीकडे वाचनबाईने वाचायला घेतलं. आवाज नेहमीच्या वेगाने चाललाय असं आधी वाटलं. मग भिंगोबाच्या लक्षात आलं की तो हळू चाललाय. मुलासाठी. पहिल्याच परिच्छेदात ‘प्रिन्सिपल’ आला. टक्‌.

भिंगोबाचं बोट उठलं. त्याने ते खुर्चीच्या हाताखाली दाबून धरलं. मालक म्हणाले होते त्यात तथ्य होतं. खुर्चीला हात होते ते बरंच होतं.